लेखकाच्या मनात काय होतं ते ठीक, पण पडद्यावर काय आलं त्याचं काय?

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आधी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या, मग माहेरच्या. त्यात म्हटलंय की मालिकेचा खरा अर्थ फक्त ती लिहिणाऱ्याला ठाऊक असतो, प्रेक्षकाला वेगळं काही दिसलं तर त्याने नीट बघितलेलंच नाही, मालिका करमणुकीसाठी असतात त्यात अर्थ शोधू नका, आणि प्रत्येकाने आपापला अर्थ काढला तर कशालाच काही अर्थ उरणार नाही. पटलं तर पुढे पाठवा. मला यातलं काहीच पटलेलं नाही आणि इतकं सविस्तर लिहितेय कारण हाच मेसेज तोंडावर मारून आमच्या ग्रुपवर एका मुलीला गप्प केलं, ती बिचारी एवढंच म्हणाली होती की नायिकेला रोज रडवून तुम्ही सोशिकपणाची आरती ओवाळताय.

पहिला मुद्दा, अर्थ लिहिणाऱ्याला ठाऊक असतो. कुठल्या लिहिणाऱ्याला? कुठल्याही डेली सोपची टायटल्स एकदा पॉज करून वाचा ना, कथा एकाची, कथाविस्तार दुसऱ्याचा, पटकथा तिसऱ्याची, संवाद चौथ्याचे, वर चॅनेलची क्रिएटिव्ह टीम. मढ, फिल्मसिटी नाहीतर घोडबंदर रोडच्या सेटवर एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपत आलेली असते, आत्ता शूट झालेला सीन दोन-चार दिवसांत टीव्हीवर दिसतो, आणि गुरुवारी रेटिंगचे आकडे आले की ठरलेला ट्रॅक गुंडाळून दुसराच सुरू होऊ शकतो. म्हणजे प्रेक्षक काय बघतोय, कुठे चॅनेल बदलतोय त्यावरून पुढची गोष्ट ठरते, आणि त्याच प्रेक्षकाला सांगायचं की तू अर्थ लावू नकोस? 'आई कुठे काय करते' मुळात 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून आली, तीच गोष्ट हिंदीत 'अनुपमा' झाली. आता त्यातली नायिका अरुंधती घर सोडते ते बंडाने की नाइलाजाने, हे विचारायला कोणाचं दार वाजवायचं, कोलकात्याचं की मुंबईचं?

बरं, लेखक एकटाच असला आणि सगळं त्याच्याच हातात असलं तरी भागत नाही. 'द सोप्रानोज' ही अमेरिकन मालिका १० जून २००७ ला संपली, शेवटच्या सीनमध्ये माफिया टोळीचा म्होरक्या टोनी कुटुंबासोबत हॉटेलात बसलाय आणि पडदा एकदम काळा, तो मेला की जगला कळतच नाही. कर्ता डेव्हिड चेस याने वर्षानुवर्षं उत्तर टाळलं. २०१४ मध्ये एका लेखात आलं की तो म्हणाला टोनी जिवंत आहे, लगेच त्याच्या बाजूने खुलासा आला की बोलण्याचा चुकीचा अर्थ काढला, आणि २०२१ मध्ये तो जे बोलला त्यावरून लोकांनी बरोबर उलटं अनुमान काढलं. म्हणजे कर्त्याला विचारलं तर त्याच्या उत्तराचाही अर्थ आपल्यालाच लावत बसावा लागतो.

दुसरा मुद्दा, वेगळं दिसलं तर नीट बघितलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दूरदर्शनवरची 'हम लोग' आठवतेय? १९८४-८५, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. ती मुद्दाम सामाजिक संदेश द्यायलाच काढली होती, मेक्सिकोतल्या अशाच मालिकांचं बघून. त्यातली भागवंती म्हणजे आई, सगळं निमूट सोसणारी, आणि ती ठेवली होती बाईने असं राहू नये हे दाखवायला. एपिसोड संपला की अशोक कुमार स्वतः पडद्यावर यायचे आणि त्या दिवशीच्या प्रसंगावर बोलायचे, इतकी काळजी घेतलेली. तरीही अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा कळलं की बऱ्याच जणांना भागवंतीच आदर्श वाटली, अशीच असावी बाई. आता हे लोक डुलक्या काढत होते का? नाही, अगदी मन लावून बघत होते, चॅनेलला लाखो पत्रं गेली होती. त्यांनी घरात जिला चांगली बाई म्हणताना ऐकलं होतं तीच त्यांना भागवंतीत दिसली.

अमेरिकेतही हेच झालं. 'ऑल इन द फॅमिली' १९७१ ला सुरू झाली, नॉर्मन लिअरने आर्ची बंकर हा वंशद्वेषी माणूस त्याची टर उडवायला उभा केला. विडमार आणि रोकीच या दोघांचा १९७४ चा अभ्यास सांगतो की ज्यांच्या मनात आधीच द्वेष होता त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता.

आणि आपल्याकडे अण्णा नाईक! 'रात्रीस खेळ चाले' मधला अण्णा बायकोला छळणारा, बाहेरख्याली, गावाला धाक दाखवणारा, आणि त्याच्यावर मीम्स काय, स्टेटस काय, सकाळच्या लेडीज डब्यात त्याची नक्कल करून हशा पिकायचा. एकदा दादर यायच्या आधी माझ्या शेजारी उभी असलेली मालवणकडची बाई हळूच म्हणाली, "माझो सासरो असोच होतो गो, माका हसूक येणा नाय." मालिका एकच, डबा एक, पण तिच्या डोळ्यासमोर अण्णा नव्हताच, गप्प राहून ताट वाढणारी त्याची बायको माई होती. तिने चुकीचं बघितलं असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

करमणुकीचं म्हणाल तर, रोज अर्धा तास, जेवणाच्या वेळी, वर्षानुवर्षं एखादं घर आपल्या घरात येऊन बसतं, त्यातल्या सुना-सासवा कशा वागतात यावरून आपल्याकडे टोमणे मारले जातात. करमणूक होते म्हणूनच ते जास्त आत जातं.

राहिला शेवटचा, की मग कोणीही काहीही म्हणेल. हा एकच मुद्दा मला थोडा तरी विचार करण्यासारखा वाटतो. स्टुअर्ट हॉल या ब्रिटिश अभ्यासकाने १९७३ मध्येच मांडलं होतं की प्रेक्षक दिलेला अर्थ जसाच्या तसा घेतो, किंवा थोडा घेतो थोडा बदलतो, किंवा साफ उलटा वाचतो. पण उलटा वाचायलासुद्धा समोर काहीतरी लागतं. उद्या कोणी म्हटलं माई सुखात होती, तर मी म्हणेन सीन दाखव, कुठल्या प्रसंगात, कोणाच्या तोंडी, कॅमेरा तेव्हा कोणावर होता. ग्रुपवरच्या त्या मुलीने तर नेमकं हेच केलं होतं, तिने ओळीने प्रसंग सांगितले, नायिका रडते तेव्हा क्लोजअप आणि मागे बासरी, ती उलटून बोलते तेव्हा कॅमेरा सासूच्या दुखावलेल्या चेहऱ्यावर. लेखकाच्या मनात बाईची ताकद दाखवायची असेलही, मी नाही म्हणत नाही, त्याला बोलवा, तोही आपली बाजू मांडू दे, पण तिने सांगितलेल्या प्रसंगांना उत्तर प्रसंगांनीच द्यावं लागेल, आणि ते अजून त्या ग्रुपवर एकानेही दिलेलं नाही.