सी ड्राइव्ह लाल झाली म्हणून घाबरू नये

संगणकाच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आणि ‘लो डिस्क स्पेस’ची सूचना वरचेवर डोके वर काढू लागली, की काही उतावीळ लोक लगेच नवी डिस्क आणण्याची भाषा करू लागतात. आपण त्यांच्या नादी लागू नये. पंधरा वर्षांपूर्वी संगणक जुळवून देणाऱ्या दुकानदाराने ३२० जीबीच्या डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार वाटे घातले आणि सीच्या वाट्याला ५० जीबी दिले, तेव्हा ते आपल्या नातवंडांनाही पुरतील असा त्याचा अंदाज होता; तो खोटा पाडणे सुसंस्कृत ग्राहकाला शोभत नाही. ३२० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २९८ जीबीची दिसते यावरूनही त्याला बोल लावू नये, कारण डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, आणि दोघेही आपापल्या जागी खरेच बोलतात. शिवाय १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून जेमतेम ५ एमबी मजकूर मावत असे, हे ध्यानात घेतले तर आपण श्रीमंतच ठरतो.

तेव्हा आधी साफसफाई. ती करताना मोठ्या फाइलींना हात लावू नये, कारण त्या कशाच्या आहेत हे शोधण्यात वेळ जातो. विंडोजची जुनी आवृत्ती ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये कित्येक जीबी अडवून बसलेली असते, तिला वडीलधाऱ्यांचा मान द्यावा. संगणक झोपी जाताना उघडी कामे ज्यात साठवतो ती हायबरनेशनची फाइल लपलेली असते, ती लपलेलीच राहू द्यावी. त्याऐवजी २०१३ सालच्या वीजबिलाची १०० केबीची पीडीएफ उघडून, नीट वाचून, घरातल्यांशी चर्चा करून मग काढून टाकावी. अर्थात ती रीसायकल बिनमध्ये जाते आणि बिन रिकामी करेपर्यंत तिथेही तेवढीच जागा खाते. पण उद्या लागली तर, या विचाराने बिन कधीच रिकामी करू नये. एवढे करूनही पट्टी लालच राहिली तर रात्रभर डीफ्रॅग लावून ठेवावे. त्याने फाइलींचे विखुरलेले तुकडे जवळ येतात, जागा म्हणून काही मोकळी होत नाही. तरीही सकाळी आपण काहीतरी केले असे वाटते, आणि ते समाधान काही थोडेथोडके नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न तर आपण केव्हाच सोडवलेला आहे. ई ड्राइव्हमध्ये ‘बॅकअप’ नावाचे फोल्डर आहे, त्यात ‘न्यू फोल्डर (२)’ आहे, त्यात ‘फोनमधले सगळे’ आहे, आणि मुलीच्या बारशापासूनचे सारे फोटो तिथे सुखरूप आहेत. सी आणि ई ही एकाच डिस्कच्या त्याच तबकड्यांवर आखलेली दोन नावे असून दोघांना फिरवणारी मोटरही एकच आहे, असा खोचक मुद्दा एखादा भाचा काढेल. त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला तर पंखा जोरात लावावा, म्हणजे तो ऐकू येत नाही.

घरच्यांच्या आग्रहापुढे नाइलाज झालाच, तर मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडवर आणि पुणेकरांनी तपकीर गल्लीत जावे. मात्र आपला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, कोणता हे पाहून जाऊ नये, त्याने खरेदीची मजा जाते. थेट ४ टीबीची डिस्क मागावी. डिस्कच्या वाट्यांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या छोट्या तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा धरतात, त्यामुळे २ टीबीच्या पुढची जागा पत्त्याअभावी पडून राहते. जीपीटी ही नवी पद्धत घ्यावी तर जुन्या बायोसवर, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमवर, विंडोज अशा डिस्कवरून सुरू होत नाही. पण निम्मी डिस्क कोरी राहिल्याने ती कधीच भरणार नाही, हा फायदा कुणी पाहत नाही. तबकड्यांऐवजी चिपवर मजकूर साठवणाऱ्या एसएसडीचे नाव काढणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे गप्प करावे: आपल्या बोर्डावरचे डिस्क जोडायचे साटा पोर्ट जुने, सेकंदाला ३ गिगाबिटांचे, त्यामुळे एसएसडीचा निम्मा वेग वायाच जाणार. हे म्हणणे बरोबर आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यालाच ८ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, त्याआधी मजकूर वाचणाऱ्या हेडला योग्य जागी सरकावे लागते, आणि एसएसडी तेच काम साधारण दशांश मिलिसेकंदात उरकते, म्हणून जुन्या संगणकालाही तिने तरतरी येते, हेही बरोबर आहे. परंतु वादात एका वेळी एकच खरे बोलावे.

कॅबिनेट उघडल्यावर आत जी करड्या धुळीची गादी दिसेल तिला धक्का लावू नये. साटा केबलच्या टोकाला इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असते आणि डिस्कवर तिच्या मापाची प्लास्टिकची पातळ जीभ. केबल उलटी बसत नसेल तर ती जीभ मोडेपर्यंत जोर लावावा, म्हणजे पुढे कोणत्याही बाजूने बसवता येते. जुन्या डिस्कची नवीवर हुबेहूब प्रत काढणारे क्लोनिंगचे सॉफ्टवेअर ‘सोर्स’ कोणता आणि ‘डेस्टिनेशन’ कोणते असे विचारते, तेव्हा डिस्क शून्य आणि डिस्क एक यांपैकी जी आवडेल ती निवडावी. चुकून उलटे झाले तर कोऱ्या डिस्कची हुबेहूब कोरी प्रत तयार होते.

सुदैवाने सगळे सुरळीत पार पडले, तर जुनी डिस्क घरात ठेवू नये. क्विक फॉरमॅट मारून ती भंगारवाल्याला द्यावी. क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसली जाते, मजकूर होता तिथेच राहतो आणि तो परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पण पॅन कार्ड, आधार आणि बँकेची पासबुके स्कॅन करून एका फोल्डरमध्ये आपण इतकी नीटनेटकी लावली आहेत, की कुणाला ती दिसली तर आपल्याविषयी आदरच वाटेल. पुढे कधी नवी डिस्क अचानक बंद पडलीच, तर त्या भंगारवाल्याचा पत्ता विचारत फिरावे, कारण बारशाच्या फोटोंची दुसरी प्रत एव्हाना त्याच्याकडेच असेल.