तळीराम कापून ‘एकच प्याला’?

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाबद्दल एक मत हल्ली बरंच फिरतंय. नाटक मुळात सिंधूच्या, म्हणजे दारूत बुडालेल्या सुधाकराच्या बायकोच्या, दुःखाचं. तळीरामाचे विनोदी प्रवेश गडकऱ्यांनी पिटातल्या, म्हणजे स्वस्त जागांवरच्या प्रेक्षकांच्या, हशासाठी घुसडले, ते कापले की शोकांतिका निखळ होईल. शिवाय तळीरामामुळे दारूची भीती न वाटता गंमतच वाटते म्हणे.

आधी सांगा, कात्री लावणार कुठे? वकिलीची सनद तहकूब होऊन अपमानाने पोळलेल्या सुधाकराच्या हातात पहिला पेला देतो कोण? त्याचाच कारकून, तळीराम. मिशा पिळणारा खलनायक असता, तर एवढ्या मानी, हुशार वकिलाने त्याला दारातूनच पिटाळलं असतं. तळीराम हसवतो, म्हणून घरात शिरतो. आणि तो शिरतो तेव्हा खुर्चीत बसलेले आपणही हसतच असतो. गडकऱ्यांनी आपल्याला तिथेच पकडलंय.

गंमत वाटते, हे खरंच. ‘आर्यमदिरामंडळ’ हे नाव ऐकूनच हसू फुटतं. दारुड्यांचा अड्डा, पण पाटी रीतसर संस्थेची! पण पुढे हाच तळीराम अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य आपापल्या शास्त्रावरून हमरीतुमरीवर येतात. रोग्याकडे बघायला कुणाला सवड नाही. प्रेक्षागृहात खसखस पिकते, आणि समोरचा माणूस दारूपायीच मरायला टेकलाय. आता यात विनोद कुठे संपला आणि करुण रस कुठे सुरू झाला, ते रेघ मारून दाखवा.

उपऱ्याच गोष्टी हुडकायच्या, तर पदं का नाही कापत? ती गडकऱ्यांची नाहीतच, वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. बालगंधर्वांच्या सिंधूला वन्समोअर मिळाला की शोकांतिका तिथल्या तिथे थांबायची. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही! (माझीही नाही.)

कोट्या मात्र लांबतात, कबूल. चार चांगल्या जमल्या की गडकऱ्यांना पाचवी आवरत नाही. त्या छाटा खुशाल.

पण माणूस ठेवा. तळीरामाने हसत पुढे केलेला तो पेला नसेल, तर अखेरीस मूल आणि सिंधू दोघं गेल्यावर सुधाकर दारूत विष कालवून पितो, तो नुसता विषाचा पेला उरेल.