उत्सर्जन कागदावर कसे घटवावे

वाहतुकीतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याच्या उपायांचे मूल्यमापन कसे करावे, या विषयावरील एका कार्यशाळेला नुकताच पुण्यात हजर होतो. निमंत्रणपत्रिकेवर वाहनतळाचा नकाशा होता, बसथांब्याचा उल्लेख नव्हता. आणि सादरीकरणात दाखवलेली बचत नेमकी कशाच्या तुलनेत मोजली, असे मी विचारताच चहाची वेळ झाली. आपणही उद्या एखाद्या समितीवर जाल, तेव्हा उपयोगी पडतील म्हणून तिथे शिकलेल्या युक्त्या इथे नोंदवतो.

प्रथम तुलनेसाठी असे भविष्य कल्पावे, की आपण काहीच केले नसते तर घरटी तीन मोटारी असत्या. मग दोन झाल्या तरी बचतच.

उड्डाणपुलाचे गणित करताना वाहनांची संख्या स्थिर धरावी आणि वेग तेवढा वाढवावा, म्हणजे इंधन आपोआप वाचते. रस्ता रुंद झाला की नवी वाहने येतात, हे जगभर दिसून आलेले असले तरी आपल्या तक्त्यात त्यासाठी रकाना ठेवू नये. पुण्यातल्या विद्यापीठ चौकातील पूल २०२० मध्ये आणि चांदणी चौकातील २०२२ मध्ये पाडून पुन्हा नवे बांधले गेले. त्यात गेलेले सिमेंट आणि पोलाद हे वाहतुकीचे नव्हे, बांधकामाचे उत्सर्जन समजावे.

विजेवरच्या मोटारीपुढे शून्य लिहावे. देशातली बहुतांश वीज कोळशावर तयार होते, हे ऊर्जा खात्याने पाहावे.

पादचारी मोजू नयेत, कारण त्यासाठी आधी पदपथ लागतो.

बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचे, मूल्यमापन मात्र मन लावून करावे. कोलंबियातल्या बोगोटा शहराने २००० मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका दिली, तिथे लाखो लोक त्या बसने जाऊ लागले. आपण २००६ मध्ये देशात सर्वांच्या आधी, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर, तोच प्रयोग सुरू केला. युक्ती अशी, की मार्गिका आखावी पण ती सलग ठेवू नये, तीत दुचाकी आणि मोटारी घुसू द्याव्यात, प्रवाशाला थांब्यापर्यंत जिवावर उदार होऊन रस्ता ओलांडायला लावावे, बसची संख्या वाढवूच नये, आणि एवढे सगळे करून 'बीआरटी पुण्यात चालत नाही' असा निष्कर्ष काढून नगर रस्त्यावरची मार्गिका उखडून टाकावी. मोकळ्या झालेल्या जागेत कोंडी कोणाची झाली? मोटारींचीच! ज्या उपायाची अंमलबजावणीच केली नाही, तो फसला हे ठरवायला कसले मूल्यमापन लागते हो? आणि मार्गिकेत दुचाकी घालणारा तो कोण होता? आपल्यातलाच ना?

उपरोध पुरे. एका बसमध्ये पन्नास माणसे जातात आणि तेवढ्याच रस्त्यावर दोन-तीन मोटारींत मिळून तीन-चार माणसे बसलेली असतात, हे कळायला तज्ज्ञ लागत नाहीत. वाहने किती विकत घेतली हे मोजू नका. माणशी, दर किलोमीटरला किती इंधन जळले आणि किती माणसांनी गाडी घरी ठेवली, ते मोजा, आणि आपली गृहीतके लोकांसमोर ठेवा. जून २०२५ मध्ये पीएमपीचे, म्हणजे पुण्याच्या शहर बसचे, किमान भाडे ५ रुपयांवरून १० आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये झाला, तेव्हा तोट्याचा हिशेब झाला. त्यामुळे किती प्रवासी बस सोडून दुचाकीवर जातील आणि त्यांच्या पेट्रोलचे उत्सर्जन किती होईल, हा हिशेब भाडेवाढ मंजूर होण्याआधी मांडायला हवा होता, आणि तो मागायला आपण कोणी गेलो नाही.