शेजाऱ्याची जुनी गाडी कधीच चालू होऊ नये यासाठी काही खात्रीशीर उपाय

प्रत्येक सोसायटीत एक तरी असा माणूस असतो ज्याच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली काहीतरी जुनं उभं असतं. कोणाची यझदी, कोणाची जीप, माझी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. हा माणूस रविवारी सकाळी मळका टी-शर्ट घालून गाडीखाली शिरतो, दुपारी कोपरापर्यंत काळा होऊन वर जातो आणि वर फार खुशीत असतो. हे बघवत नाही, मला कळतं. एवढी खुशी सोसायटीच्या आरोग्याला बरी नव्हे. म्हणून तुमच्या सोयीसाठी काही उपाय लिहून ठेवतोय. सगळे माझ्यावर वापरून झालेले आहेत, त्यामुळे रिझल्टची चिंता नको.

सुरुवात सोपी आहे. इंजिन बाहेर काढून जुन्या टायरवर ठेवलेलं असेल, बॉनेट भिंतीला टेकवलेलं असेल, चारही चाकं काढून गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली असेल, तेव्हा जवळ जायचं, दोन्ही हात मागे बांधायचे आणि विचारायचं, "चालू होते का?"

लगेच पुढे, "मायलेज किती?"

तिसरा प्रश्न खर्चाचा. "आत्तापर्यंत किती घातले?" त्याने काहीही आकडा सांगितला तरी तुमचं उत्तर ठरलेलं असू द्या, "एवढ्यात चांगली सेकंडहँड स्विफ्ट आली असती." हे त्याला माहीत नसतं. त्याला वाटत असतं की सगळ्या जगात फक्त पद्मिनीच विकायला आहे.

मग कायदा. कायद्याचं ज्ञान अर्धवट असेल तर उत्तम, कारण पूर्ण असलं की सांगण्यात मजा येत नाही. "पंधरा वर्षं झाली म्हणजे बॅनच ना?" हे ठामपणे सांगा. दहा आणि पंधरा वर्षांचा तो बडगा दिल्लीकडचा, आपल्याकडे गाडी पासिंगला नेऊन, पर्यावरण कर भरून रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी रिन्यू करता येतं, हे तो सांगायला लागला तर मोबाईल बघायला लागा. त्यातूनही तो म्हणालाच की अहो, २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला रिन्यूअलची फी १०,००० रुपये केलीये, आधी ५,००० होती, आणि २०२२ च्या एप्रिलआधी तर ६०० मध्ये काम व्हायचं, तर फक्त "बघा!" म्हणायचं. जणू फी तुम्हीच वाढवलीत. आणि जाता जाता, "विंटेजमध्ये टाकून द्या की." २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेजला गाडी पन्नास वर्षांची लागते. माझी होईल २०३४ ला. तोवर तुमचे सल्ले ऐकून मीच विंटेज होईन.

तुमचा भाचा किंवा पुतण्या असेल तर त्याला पाठवा. तो अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. "काका, हिला हॉट रॉड करा ना, मोठं इंजिन टाका, छत कापून खाली घ्या, मागे रुंद टायर." आता तिकडची गोष्ट वेगळी आहे बाबा. फोर्डने १९३२ ला स्वस्तात आठ सिलिंडरची व्ही-८ गाडी दिली, कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तिचे मडगार्ड उपटले, वजन कमी केलं आणि कोरड्या तळ्यांवर नेऊन पळवली, तिथून हे वेड फोफावलं आणि आजोबापासून नातवापर्यंत चालू राहिलं. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. म्हणजे माझी १०८९ सीसी ही १०८९ सीसीच राहणार, आणि मला तेच हवंय. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, तोही तिथेच राहणार. पण खरं सांगू का, ते व्हिडिओ मीही बघतो आणि मला त्या व्ही-८ चा हेवा वाटत नाही, गाडी उचलणाऱ्या लिफ्टचा नाही, भिंतभर लावलेल्या पान्यांचा तर नाहीच. मला हेवा वाटतो तो शटरचा. माणूस काम अर्धं टाकतो, बटण दाबतो, शटर खाली येतं, झालं. दुसऱ्या दिवशी नट जिथे ठेवला तिथेच असतो. आमच्याकडे दोन खांबांमधली पिवळ्या पट्ट्याची जागा, वरून गळणारा ड्रेनेजचा पाईप आणि शेजारी पाण्याचा टँकर वळवणारा ड्रायव्हर.

प्रायमर मारलेला पत्रा दिसला की त्यावर तळहात ठेवून टेकून उभं राहा. बोटाने नाव लिहिलंत तरी चालेल. प्रायमर म्हणजे रंग नाही, तो ओल धरतो, घामाचा हात लागला की तेवढ्या जागी वरचा रंग नीट बसत नाही, आणि पावसाळ्यात नुसत्या प्रायमरखालीही पत्रा गंजायला लागतो. पण तुम्हाला काय त्याचं.

बोलायला जाण्याची वेळ मात्र नीट निवडा, कारण सगळं टायमिंगवर आहे. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट आवळताना जा. हे बोल्ट कसेही आवळत नाहीत, मधून सुरू करून आलटून पालटून बाहेरच्या बाजूला जायचं, तेही एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचवर आकडा बघत. माणूस तोंडाने पुटपुटत असतो. बरोबर तेव्हा खांबाआडून "काय मग, आज काय नवीन?" अशी हाक मारायची आणि पार्किंग चार्जेस, लिफ्टची एएमसी आणि वरच्या मजल्यावरचं लीकेज असे सगळे विषय एकाच बैठकीत संपवायचे. याचा रिझल्ट आठवड्याभरात दिसतो. गाडी सुरू होते, झकास सुरू होते, पोरं टाळ्या वाजवतात, आणि मग ऑइलची डिपस्टिक बाहेर काढली तर ऑइल दुधाळ. हेडखालच्या गॅस्केटमधून, म्हणजे सीलमधून, पाणी ऑइलमध्ये. हेड पुन्हा खाली. महिन्याभराची मेहनत तुम्ही अर्ध्या तासात उलटी फिरवली, अभिनंदन.

ब्रेकचं काम चालू असेल तर दोन तास उभं राहून मार्गदर्शन करा. पण ब्रेकमधली हवा काढायला एकाने आत बसून पेडल दाबायचं असतं, दुसऱ्याने खाली निपल सोडायचं असतं, तर "जरा पेडल दाबता का?" असं त्याने म्हटल्याबरोबर तुम्हाला दूध आणायचं आठवलं पाहिजे.

"इलेक्ट्रिक करून टाका" हेही सांगून ठेवा, वाया जात नाही.

आता मुख्य उपाय. हा जरा मोठा आहे पण एकदा केला की बाकीचे करावे लागत नाहीत. याला म्हणतात गणपतीआधीची पार्किंग स्वच्छता मोहीम.

रात्री साडेअकराला ग्रुपवर पीडीएफ टाकायची. विषय, "पार्किंगमधील बेवारस वस्तूंबाबत". मागोमाग तीन गुड नाईटचे फोटो आणि एक हरवलेली चप्पल, म्हणजे पीडीएफ वर सरकून जाईल. सकाळी सात वाजता भंगारवाल्याला गेटमधून आत घ्यायचं. तो माणूस ऑफिसच्या कामाने मुंबईला गेलेला असला तर सोन्याहून पिवळं. आणि मग त्याच्या गाडीमागे भिंतीला लागून जे लाकडी खोकं आहे, ज्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "पद्मिनी, हात लावू नये" आणि खाली फ्लॅट नंबर लिहिलाय, ते बेवारस आहे असं एकमताने ठरवायचं. एकमताने बरं का. वाचता सगळ्यांना येतं.

त्या खोक्यात काय होतं ते सांगू? श्रीखंडाचे डबे होते, प्रत्येकावर पट्टी चिकटवलेली. एकात कार्बोरेटरचे पितळी जेट, फ्लोटची पिन, तिचं वॉशर. एकात डाव्या पुढच्या ब्रेकच्या स्प्रिंगा. एकात खिडक्यांच्या काचा वरखाली करायच्या मुठी, दरवाजांच्या आतल्या. हेडचे बोल्ट, धुऊन, तारेच्या ब्रशने आटे साफ करून, ऑइल लावलेले. आणि एक पुठ्ठा होता, त्याला आठ भोकं पाडून आठ पुशरॉड, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, उभे केलेले, प्रत्येकाखाली नंबर, कारण पुशरॉड ज्या जागेवरून निघाला त्याच जागी परत गेला पाहिजे, वर्षानुवर्षं घासून त्याची आणि खालच्या टॅपेटची जोडी जमलेली असते. हे पुशरॉड बाहेर का होते? कारण हेड पुन्हा उतरवलं होतं. हेड का उतरवलं होतं? वर वाचा. खांबाआडून आलेले तेच गृहस्थ मोहिमेचे संयोजक.

बरं, हे परत मिळवायचं कुठे? कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली त्याला पाव शतक झालं. रस्त्यावर टॅक्स्या होत्या तोवर मुंबईत स्पेअर निघायचे, आता त्याही नाहीत. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, तिथे उकिडवं बसून घमेल्यातले बोल्ट एकेक करून गेज लावून बघायचे, कुर्ल्याच्या भंगार मार्केटात फोन करायचे, तिथला माणूस म्हणतो "है साब, सब है", गेलं की ॲम्बेसेडरचं काहीतरी हातात ठेवतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, जुन्या रबराचे पाईप फुगतात, गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्राम जातो, गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं, म्हणजे तेही बदलायचं, तेही शोधायचं. शोधण्यात वेळ जातो, काम करण्यात नाही. पत्र्याचं काम तर माझं झालं होतं! ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं की रस्ता दिसायचा, तो सगळा सडका पत्रा कापून नवीन वेल्ड केला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकला नाही, पत्र्याला पत्रा लावला. डायनॅमो रिवाइंड करून आणला. रेडिएटर ब्रेझ केला. राहिलं होतं हेड बसवायचं, फक्त.

आणि कळस ऐका. भंगाराचे आलेले पैसे गणपतीच्या वर्गणीत जमा केले आणि माझ्या नावाने पावती फाडली! दाराखालून सरकवली होती. खाली शिक्का, सही, आणि "आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद". मी पावती हातात घेऊन उभा होतो, बायकोला वाटलं मी हसतोय.

भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला साहेब, मी विचारलं होतं, त्यावर नाव आहे म्हणून, तर ते म्हणाले उचल. त्या माणसाने ढिगात हात घालून मुठींचा डबा शोधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पितळ पुढे गेलं होतं. बाकी लोखंड म्हणून लोखंडात. सगळ्या प्रकरणात नाव वाचणारा तेवढा एकच निघाला.

आता उपाय वगैरे बस झालं. सरळ बोलतो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून रस्त्यावरून गेली, तेव्हा ह्याच ग्रुपवर काय रडारड चालली होती ते मी बघितलंय. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे फोटो, हात जोडलेले, "एक युग संपलं", "बालपण आठवलं". एकाने तर स्टेटसला व्हिडिओ ठेवला होता, तो ह्या कमिटीत आहे. अरे, एक युग तुमच्या पार्किंगमध्ये बी विंगच्या खांबाशेजारी उभं होतं की! त्याचे बोल्ट तुम्ही किलोवर विकलेत. मेलेल्या गाडीच्या फोटोला हार घालायला सगळे पुढे, जिवंत करायला घेतलेली मात्र घाण.

आणि घाण कुठली? गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवतो मी, जमिनीवर ऑइलचा एक डाग दाखवा. तुमच्यातल्या तिघांच्या नव्याकोऱ्या एसयूव्ही पट्ट्याबाहेर असतात, पोरांच्या चार वर्षं बंद पडलेल्या सायकली जिन्याखाली कुजतायत, ट्रेडमिल आहे एक मीटर रूमबाहेर, त्यावर कोणीतरी पापड वाळत घातलेले मी बघितलेत. त्यांना बेवारस म्हणायची हिंमत झाली नाही कारण त्या अध्यक्षांच्या सासूबाईंच्या आहेत. माझं खोकं सोपं होतं, कारण माझं काम अर्धवट दिसत होतं. अर्धवट दिसणारच ना हो! रोजची नोकरी करून रविवारी चार तास मिळतात, त्यातला एक तुम्हाला मायलेज सांगण्यात जातो.

एक फोन करायचा होता. वर्गणी मागायला माझा मजला, माझी बेल, माझी घरी असायची वेळ सगळं पाठ असतं तुम्हाला. मेंटेनन्स दोन दिवस लेट झाला तर सेक्रेटरी साहेब स्वतः फोन करतात. मग त्या दिवशी सकाळी सातला फोनला काय झालं होतं? मी एसटीत होतो, फोन चालू होता, रेंज होती. "अहो तुमचं खोकं आहे, काय करू?" एवढं एक वाक्य. तेवढंही जमलं नाही आणि वर मला सांगता, "एवढं काय त्यात, नट-बोल्टच होते." तुमच्या घरातल्या मिक्सरचं भांडं न विचारता उचलून विकलं आणि वर म्हणालो भांडंच होतं, तर पोलिसात जाल.

भरपाई नकोय मला. पैशाने आठ पुशरॉड येत नाहीत, मुंबईतला एक जुना टॅक्सी मेकॅनिक एका इंजिनातले काढून देतो म्हणालाय, ते माझं मी बघीन. ती पावती मात्र परत घ्या, मी वर्गणी दरवर्षी स्वतःच्या हाताने देतो, भंगारातून देत नाही. आणि पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय लिहा, "न विचारता सभासदाची वस्तू विकल्याबद्दल कमिटीचा खुलासा". पहिल्या नंबरवर घ्या. "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकलू नका, तिथपर्यंत पोचेस्तोवर तुम्ही सगळे सामोसे खाऊन निघून गेलेले असता.