नेव्ही ब्लू सूटवर टॅन की डार्क ब्राउन? दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. रिसेप्शनच्या नेव्ही ब्लू सूटवर आपल्याला टॅन, म्हणजे फिकट तपकिरी बूट हवे होते, आमच्या माणसाने डार्क ब्राउन गळ्यात मारले, फोटोत ते काळेच दिसले आणि घरचा टॅन बेल्टही जुळला नाही, असे आपण लिहिले आहे. लग्नसराईत हाच पेच घेऊन बरेच जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅन दुकानात होते. पण सूटची छटा कोणती आणि कार्यक्रम किती वाजता, हे विचारल्याशिवाय बूट काढून देणे आम्हाला पटत नाही. आपला सूट गडद नेव्ही, रिसेप्शन संध्याकाळचे, तेही म्हात्रे पुलाजवळच्या लॉन्सवर. गडद पॅन्टखाली टॅन आला की पॅन्ट संपते तिथे रंग एकदम उजळतो आणि बघणाऱ्याची नजर आधी पायांकडे जाते. त्यात स्टेजवरच्या पिवळ्या उजेडात टॅन नारिंगीकडे झुकतो. शिवाय गवत बरेचदा ओले असते, आणि ओलीचे, मातीचे डाग टॅन चामड्यावर जितके उठून दिसतात तितके डार्क ब्राउनवर दिसत नाहीत. दिवसाच्या समारंभाला, फिकट निळ्या किंवा फिकट ग्रे सूटवर हाच टॅन सुरेख दिसतो. तिथे तो आम्ही स्वतःहून सुचवतो.

आता फोटोंचे. कृपया तेच फोटो पुन्हा उघडून आधी सूट बघा. सूटसुद्धा काळाच दिसत असेल, तर कारण उजेडाचे आहे. स्टेजवर फोटोग्राफर चेहऱ्यावर आणि साडीवर प्रकाश धरतो. पायांपर्यंत तो कमी पोहोचतो, आणि गडद रंग मुळात कमी प्रकाश परत टाकत असल्याने नेव्ही काय, ब्राउन काय, दोन्ही काळपट होतात.

सूट निळा आणि बूट मात्र काळे दिसत असतील, तर मला वेगळी शंका येते: बुटांना काळे पॉलिश लागले असावे. रस्त्यावर पॉलिश करून घेताना असे होऊ शकते, किंवा काळ्या पॉलिशचाच ब्रश ब्राउन बुटांवर फिरतो. तपासायला सोपे आहे. पांढऱ्या सुती फडक्यावर वाटाण्याएवढे न्यूट्रल, म्हणजे बिनरंगी क्रीम घ्या आणि टाचेच्या आतल्या बाजूला हलके घासा. फडक्यावर तपकिरी उतरले तर ठीक, काळे उतरले तर कारण सापडले. काळे पॉलिश आधी शिलाईत आणि नक्षीच्या भोकांत साठते, तिथेही बघा. एकदा बसलेले काळे पूर्ण निघेलच असे नाही, पण क्लीनरने दोन-तीन हात दिले की बराच फरक पडतो. यापुढे ब्राउनसाठी ब्रश आणि फडके वेगळे ठेवा. आधी धूळ झाडायची, मग डार्क ब्राउन क्रीम अगदी पातळ लावायचे, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे आणि मग ब्रश मारायचा. क्रीम जाड लावले की ते चुणीत साचते आणि तिथून तडकल्यासारखे दिसते.

बेल्टच्या बाबतीत आपली अडचण खरी आहे. डार्क ब्राउन बुटांवर टॅन बेल्ट जुळणारच नाही. बेल्ट आणि बूट हुबेहूब एका रंगाचे नसले तरी चालतात, पण गडदपणा आणि चकाकी जवळपास सारखी हवी. मॅट बुटांवर चकचकीत बेल्ट रंग जुळूनही खटकतो. मोज्यांचा रंग मात्र बुटांशी जुळवू नका, पॅन्टशी जुळवा: आपल्या सूटला नेव्हीच, आणि पोटरीपर्यंत येणारे, म्हणजे सोफ्यावर बसल्यावर मध्ये उघडा पाय दिसत नाही.

रिव्ह्यूखाली एकाने विचारले आहे की मग काळेच का नाही घ्यायचे. घ्या, नेव्हीवर काळे बूट कधीच चुकत नाहीत, फक्त ते ऑफिसच्या थाटाचे दिसतात. काळ्या सूटवर काळ्याशिवाय दुसरे काही नको. चारकोल, म्हणजे गडद राखाडी सूटवर काळे किंवा अगदी गडद ऑक्सब्लड, म्हणजे काळपट लाल. ब्राउन सूटवर त्याहून गडद ब्राउन, काळे अजिबात नाही. नेव्हीवर ऑक्सब्लड हा माझ्या मते सर्वात देखणा पर्याय आहे, पण आपल्याकडे लोक तो हातात घेऊन परत ठेवतात याचे वाईट वाटते.

बाहेर वापरलेले बूट आम्ही बदलून देत नाही, ते बिलावरही छापलेले आहे आणि त्यात अपवाद करता येणार नाही. पण बूट आणि सूटची पॅन्ट घेऊन या. काळे पॉलिश बसले असेल तर जितके निघेल तितके आम्ही विनामूल्य काढून देऊ आणि बुटांशेजारी ठेवून बेल्ट निवडून देऊ. पॅन्ट आणायला अवघड असेल तर शिंप्याकडून त्याच कापडाची कात्रण आणली तरी चालेल. फक्त सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान या. त्या वेळी दाराशी स्वच्छ उजेड असतो, आणि दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली ब्राउनच्या दोन छटा नीट वेगळ्या ओळखू येत नाहीत.