पोटाला बॉम्ब बांधले नव्हते

परवा ताईकडे गेले तर भाचा कमरेला ओढणी बांधून, तिच्यात स्टीलचे डबे खोचून आरशासमोर उभा. १६ डिसेंबरच्या, म्हणजे १९७१ च्या युद्धाच्या विजय दिवसाच्या भाषणाची तयारी. विषय, त्या युद्धातले परमवीर चक्र विजेते अल्बर्ट एक्का. "मावशी, बॉम्ब असेच बांधतेत ना?" हे खूळ आलं कुठून, तर ताईच्या फोनवरून. चार ग्रुप फिरून आलेला मेसेज: 'आपल्या कामठीचा १८ वर्षांचा अल्बर्ट एक्का पोटाला बॉम्ब बांधून हिलीच्या लढाईत बंकरमध्ये घुसला.' एका वाक्यात चार थापा!

कामठीचं खरं एवढंच, की एक्कांच्या रेजिमेंटचं, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं, रेजिमेंटल सेंटर तिथे आहे. तेवढ्यावरून माणूस आपल्या गावचा होत नाही. एक्का गुमला भागातल्या जारी गावचे, आताच्या झारखंडातले, उराँव आदिवासी. जन्म २७ डिसेंबर १९४२ चा, म्हणजे वय २८. अठराव्या वर्षी तर ते फौजेतही नव्हते, भरती झाले १९६२ साली. हिलीला गार्ड्स लढले, कबूल. पण ती ८ गार्ड्स ही बटालियन. एक्का १४ गार्ड्सचे लान्स नायक, आणि लढाई आगरताळ्यापलीकडच्या, आताच्या बांगलादेशातल्या गंगासागरची, ३ डिसेंबर १९७१. ही गल्लत भल्याभल्यांनी केलीय, म्हणून तेवढी माफ.

पण बॉम्ब? अरे, परमवीर चक्राचं प्रशस्तिपत्र तरी वाचा! एक लाइट मशीनगन कंपनीची माणसं टिपत होती, म्हणून एक्का बंकरवर धावून गेले. संगिनीने दोघांना मारलं आणि स्वतः जबर जखमी झाले. तसेच पुढे मैलभर, बंकरामागून बंकर. उत्तर टोकाला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन सुरू झाली. सरपटत जाऊन ग्रेनेड टाकला. एक मेला, एक जखमी, गन चालूच. मग बाजूच्या भिंतीवर चढून आत शिरले आणि संगिनीनेच ती बंद पाडली. प्राण गेला तो ठाणं हाती आल्यावर. मरायलाच निघालेला माणूस ग्रेनेड पुरला नाही म्हणून भिंत कशाला चढेल? घरी बायको होती, लहान मूल होतं.

मेसेजची शेवटची ओळ, 'पाकिस्तानच्या विमानहल्ल्याचा बदला'. गंगासागरचा हल्ला पहाटेचा, पाकिस्तानची विमानं आली त्याच दिवशी संध्याकाळी. जाऊ द्या.

डबे ओट्यावर परत गेले. भाचा आता विचारतोय, भिंत कशी दाखवू? दिवाणावर चढ म्हटलं, पण चपला काढून.