ठाण्याच्या किल्ल्याचं अर्धंच स्मरण

ठाण्याच्या इतिहासावरचा एक लेख वाचला. त्यात ठाण्याचा किल्ला फक्त मराठ्यांच्या १७३७च्या पोर्तुगीजांवरील विजयाची खूण म्हणून आलाय. पुढचं सुटलं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तटाला खिंडार पाडलं. पहिला हल्ला खंदकापाशीच फसला, पण दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तेव्हा पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या रघुनाथरावांवरून पेशवाईत उभी फूट होती. इंग्रज-मराठ्यांमधल्या १७८२च्या सालबाईच्या तहातही साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, परत मिळाली नाही. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला आणि १८४८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरेंना ठाण्यातच फाशी झाली.

नुसता विजय सांगितला की शत्रू नेहमी बाहेरचाच ठरतो, घरातली फूट गाळली जाते. असल्या अर्ध्या आठवणीवर पोसलेला अभिमान मला घातक वाटतो. कारागृहाच्या तटाबाहेर फलक लावायचा तर ही चारही सालं एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत लिहा.